राब भाजण्याआधी

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: मोठ्या आतड्याचा कर्करोग पोटात पसरलेल्या रुग्णांसाठी उपचाराचा ठरलेला रस्ता आखण्याबाबत

मंत्रिमहोदय,


पनवेलच्या जुन्या गावात माझं औषधांचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही. चिठ्ठी वाचून औषध देणारा आणि मुदतीची तारीख तपासणारा माणूस. तरीही हे पत्र एका मोठ्या शस्त्रक्रियेबद्दल आहे, कारण गेल्या पावसाळ्यात ती शस्त्रक्रियाच माझ्या काउंटरवर येऊन उभी राहिली.

नेऱ्याच्या बाजूचे एक शेतकरी आले. छत्री बाहेर टेकवली, आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला आणि काचेवर पसरला. एका खासगी रुग्णालयाने दिलेला खर्चाचा अंदाज होता. शस्त्रक्रिया, भूल, आयसीयू, रक्त आणि त्याखाली एका ओळीत ‘हायपेक’. त्या ओळीसमोरचा आकडा एवढा, की तेवढ्यात गावात घराचा स्लॅब पडला असता. त्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. “शेठ, हा हायपेक तुमच्याकडं स्वस्तात मिलंल काय? बाकीचा तिकडंच भरतू.”

बायकोला मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तोही पोटात पसरलेला. जमिनीचा तुकडा विकायला काढलेला. आणि ज्या गोष्टीसाठी तो विकायचा ती गोळी आहे, इंजेक्शन आहे की यंत्र, हे घरात कुणालाच ठाऊक नाही.

मी त्यांना स्टुलावर बसवलं, चहा मागवला. त्यांना जे सांगितलं ते आधी आपल्याला सांगतो, कारण माझ्या मागण्या त्यातूनच निघतात.

पोटाच्या आतून एक पातळ, ओलसर अस्तर असतं. डॉक्टर त्याला पेरिटोनियम म्हणतात, मराठी पुस्तकांत उदरावरण. आतडी, यकृत, गर्भाशय या सगळ्यांवरून ते वळसे घेत फिरतं. उलगडून पसरलं तर जवळपास माणसाच्या अंगावरच्या कातडीएवढं भरेल. आतड्यातली गाठ भिंत भेदून बाहेर आली की तिच्या पेशी या अस्तरावर सांडतात आणि जिथे पडतील तिथे रुजतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या दर शंभर रुग्णांत साधारण पाच जणांच्या पोटात ही पेरणी निदानाच्या दिवशीच झालेली असते. काहींच्या पोटात ती मूळ गाठ काढल्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी उगवते. मग पोटात पाणी साठतं, आतडी आवळली जातात, दोन घासांवर पोट भरतं. बारीक दाणे सीटी स्कॅनमध्ये सहज निसटतात, त्यामुळे रिपोर्टमध्ये थोडा दिसणारा रोग पोट उघडल्यावर बराच निघतो.

हा म्हातारपणाचा आजार आहे असं आपल्याकडे समजतात. टाटा मेमोरियलमध्ये आलेल्या मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरच्या ८०० रुग्णांचा एक अभ्यास काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांचं सरासरी वय ४७ च्या आसपास होतं. म्हणजे मुलांची लग्नं व्हायची आहेत, घराचे हप्ते चालू आहेत, असं वय. अस्तरावर पसरण्याची खोड असलेला ‘सिग्नेट रिंग’ नावाचा प्रकारही आपल्या रुग्णांत पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त सापडतो. रुग्ण मोजके असतील, पण प्रत्येकामागे एक चालतं घर आहे.

आता उपचार. यात कामं दोन आहेत आणि लोक दोन्हींना एकाच नावाने ओळखतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिलं काम हातांचं. पोट वरपासून खालपर्यंत उघडायचं आणि डोळ्यांना दिसेल ती प्रत्येक गाठ काढायची. जिथे दाणे आहेत तिथलं अस्तर सोलायचं. आतड्यांवर झुलणारा चरबीचा पडदा काढायचा. गरज पडली तर आतड्याचा तुकडा, प्लीहा, बीजकोशसुद्धा. हे आठ-दहा तास चालतं. सुरुवातीलाच सर्जन पोटाचे १३ भाग कल्पून प्रत्येकाला शून्य ते तीन गुण देतो. बेरीज जास्तीत जास्त ३९. या परीक्षेत जितके गुण जास्त तितका रोग जास्त, आणि एका मर्यादेपलीकडे गुण गेले की सुज्ञ सर्जन पोट परत शिवून टाकतो.

दुसरं काम यंत्राचं, आणि हायपेक ते हेच. गाठी काढून झाल्यावर पोटात नळ्या सोडतात आणि ४१ ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेलं केमोचं द्रावण अर्धा ते दीड तास पोटात फिरवत ठेवतात. मग ते काढून घेतात. औषधं जुनीच आहेत, मायटोमायसिन किंवा ऑक्झॅलिप्लॅटिन. जागा आणि ऊब तेवढी नवी. पोटात सोडलेलं औषध रक्तात सावकाश उतरतं, म्हणून शिरेतून कधीच देता येणार नाही इतकं तीव्र औषध तिथे ठेवता येतं. उष्णता कर्कपेशींना दुबळं करते आणि औषधाची धार वाढवते. कल्पना पटण्यासारखी आहे.

मात्र हे औषध गाठीत फार खोल शिरत नाही. काही मिलिमीटर, बस्स. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पोटात चुकून राहिलेला दाणा अडीच मिलिमीटरच्या आत असावा, असा या सर्जनांचा दंडक आहे. त्याहून मोठी गाठ बाहेरून भिजते, आत मात्र औषध पोहोचतच नाही.

हे त्या शेतकऱ्यांना समजावताना मला राब आठवला. आपल्या रायगडात भाताचं बी टाकण्याआधी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, पेंढा जमिनीच्या तुकड्यावर पसरून पेटवतात. वरच्या थरातलं तणाचं बी जळतं आणि रोप निकोप येतं. पण आग वरच्या बोटभर मातीपुरती. त्या तुकड्यात करवंदीची जाळी असेल तर ती राबाने जात नाही, आधी कुदळीने मुळासकट काढावी लागते. जाळी तशीच ठेवून राब भाजायला बसलेला शेतकरी मी पाहिलेला नाही.

गृहस्थ थोडा वेळ चहाच्या कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे खरा काम कुदलीचा.”

मंत्रिमहोदय, वैद्यकशास्त्राला हे वाक्य पुराव्यानिशी लिहायला चाळीसेक वर्षं लागली.

अमेरिकेत लुइव्हिल इथल्या जॉन स्प्रॅट यांनी तापवलेलं औषध पोटात फिरवण्याचा प्रयोग १९८० मध्ये प्रसिद्ध केला. वॉशिंग्टनच्या पॉल शुगरबेकर यांनी अस्तर सोलण्याची शस्त्रक्रिया पायरी-पायरीने बसवली आणि १९९५ मध्ये ती सविस्तर मांडली. तोवर पोटात पसरलेला कॅन्सर म्हणजे सर्जनने हात जोडायचे, अशीच रीत होती. शुगरबेकर यांच्यावर पुष्कळ टीका झाली, पण त्यांनी तो समज मोडला. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीचा निकाल आला. १०५ रुग्ण होते. निम्म्यांना त्या काळची केमो, निम्म्यांना मोठी शस्त्रक्रिया आणि वर गरम केमो. पहिल्या गटाचं मध्यम आयुर्मान साडेबारा महिन्यांच्या आसपास भरलं, दुसऱ्याचं बावीस महिन्यांच्या पुढे. उपचारामुळेच दगावणाऱ्यांचं प्रमाण मात्र शंभरात आठ. या एका चाचणीच्या बळावर गरम केमो जगभर गेली.

त्या चाचणीत एक फट होती. दुसऱ्या गटाला कुदळ आणि राब दोन्ही मिळाले होते. पीक कशामुळे आलं?

उत्तर फ्रान्सने शोधलं. प्रोडिज ७ नावाची चाचणी १७ रुग्णालयांत झाली, २००८ ते २०१४ या काळात २६५ रुग्ण तिच्यात आले. मांडणी साधी होती. शस्त्रक्रिया सगळ्यांची पूर्ण करायची. पोट साफ झालं याची खात्री झाल्यावर, रुग्ण टेबलावर असतानाच, चिठ्ठी काढल्यासारखं ठरवायचं की याला गरम ऑक्झॅलिप्लॅटिन द्यायचं की नाही. २०२१ मध्ये छापून आलेले आकडे असे: गरम केमो मिळालेल्यांचं मध्यम आयुर्मान ४१.७ महिने, न मिळालेल्यांचं ४१.२ महिने. फरक अर्ध्या महिन्याचा, म्हणजे नसल्यासारखाच. उलट दोन महिन्यांपर्यंतच्या गंभीर गुंतागुंती गरम केमोच्या गटात जास्त निघाल्या, शंभरात २६ विरुद्ध १५.

या निकालाकडे दोन बाजूंनी पाहता येतं. ज्यांना हायपेक विकायचं होतं त्यांच्यासाठी ही वाईट बातमी होती. माझ्यासारख्याला त्यातली दुसरी ओळ दिसते. दोन्ही गट साडेतीन वर्षांच्या जवळ पोहोचले होते. याच आजारात नुसत्या केमोवर मध्यम आयुर्मान सव्वा-दीड वर्षाच्या आसपास राहतं. अर्थात चाचणीत घेतलेले रुग्ण निवडक होते, रोग मर्यादित आणि शरीर धडधाकट असलेले, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून थेट वजाबाकी करता येत नाही. तरी इतकं नक्की, की योग्य रुग्ण निवडला आणि जाणत्या हातांनी पोट पूर्ण साफ केलं, तर पुष्कळ काही मिळतं. पाच वर्षांनंतरही रोग न परतलेले शंभरातले तेरा ते पंधरा जण या चाचणीत होते. ज्या आजाराला एके काळी उत्तरच नव्हतं, त्यात हे थोडं नाही.

उष्णता निकामी ठरली, असंही मी म्हणत नाही. फ्रान्समध्ये औषध अर्धाच तास फिरवलं होतं. दुसरं औषध, जास्त वेळ, असा वाद तज्ज्ञांत चालू आहे. बीजकोशाच्या कॅन्सरमध्ये २०१८ च्या डच चाचणीत गरम केमोने मध्यम आयुर्मान ३३.९ वरून ४५.७ महिन्यांवर गेलं. आतड्याची भिंत भेदू पाहणाऱ्या पण अजून पोटात न पसरलेल्या गाठींसाठी स्पेनमध्ये १८४ रुग्णांवर चाचणी झाली, तिचा निकाल २०२३ मध्ये आला. मूळ शस्त्रक्रियेतच मायटोमायसिनची गरम केमो दिल्यावर तीन वर्षांनी त्या भागातला रोग आवाक्यात राहण्याचं प्रमाण ८७.६ वरून ९७.६ टक्के झालं. आयुष्य वाढल्याचं मात्र दिसलं नाही. त्याआधी २०१९ मध्ये नेदरलँड्सने ऑक्झॅलिप्लॅटिन वापरून असाच प्रतिबंधक प्रयत्न केला होता, त्यातून फायदा निघाला नव्हता. जर्मनीतून आलेली पायपॅक ही आणखी एक रीत आहे. तिच्यात दुर्बिणीच्या छिद्रातून औषधाचा फवारा दाबाखाली पोटात सोडतात. तिचाही अभ्यास चालू आहे. दार उघडं आहे आणि ते उघडंच राहावं, पण संशोधनाचं दार म्हणून. नेऱ्याच्या शेतकऱ्याच्या खर्चाच्या कागदावर ही अनिश्चितता कुठेच नव्हती. तिथे फक्त आकडा होता.

हे सगळं मी हौसेने वाचलेलं नाही.

२०१९ मध्ये माझ्या थोरल्या वहिनींना हाच आजार निघाला. त्याआधी जवळजवळ वर्षभर शौचावाटे अधूनमधून रक्त जायचं. लाजेने त्या बोलल्या नाहीत, आणि बोलल्या तेव्हा माझ्याशी बोलल्या, कारण घरात मी औषधवाला. मूळव्याध असेल म्हणून मलम मीच दिलं. इसबगोलही मीच दिलं. दोनदा. कोलोनोस्कोपी हा शब्द मला ठाऊक होता. तो मी उच्चारला नाही, एवढंच. या पत्रात मी अनेकांकडे बोट दाखवणार आहे, म्हणून पहिलं बोट कुठे वळतं ते सांगून ठेवलं.

निदान झालं तेव्हा पोटात पाणी होतं. दुर्बिणीने पोट तपासलं आणि मोठ्या शस्त्रक्रियेला नकार मिळाला. गुण ३९ पैकी २८ भरले होते, लहान आतड्याभर दाणे होते. नेहमीची केमो घ्या, म्हणाले. दादा खचला. कुणीतरी दुसरं ठिकाण सुचवलं. तिथे पहिल्याच भेटीत होकार मिळाला, गरम केमोने सगळं धुऊन निघेल म्हणाले. दादा पेणची जागा विकायला निघाला. वहिनींनी त्याला थांबवलं. म्हणाल्या, “ज्यांनी नाही म्हटलं त्यांनी आत बघून म्हटलं. ज्यांनी हो म्हटलं त्यांनी फाईलसुद्धा उघडली नाही.”

त्या नेहमीच्या केमोवर चौदा महिने राहिल्या. त्यातले दहा बरे गेले. एका गौरी त्यांनी स्वतः बसवल्या, दुसऱ्या गौरींना खुर्चीत बसून सुनांना चुका दाखवल्या. शेवटचे दोन महिने कठीण होते आणि त्याबद्दल मला काही गोड लिहिता येत नाही. पण त्या नकारामुळे त्यांचे दहा महिने आयसीयूच्या काचेआड गेले नाहीत आणि पेणची जागा आज नातवंडांच्या नावावर आहे. नीट तपासून दिलेला नकार हाही उपचार असतो. आपल्या योजनांत त्याला पॅकेज नाही.

आता पनवेलविषयी. या बाबतीत आम्ही भाग्यवान आहोत, हे कबूल करतो. पूर्वी इथून टाटाला जायचं म्हणजे हार्बरने कुर्ला, तिथे गाडी बदलून परळ, आणि मुक्कामाची वेळ आली तर दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा. २००२ पासून टाटा मेमोरियल सेंटरची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था खारघरला आहे आणि खारघर २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहे. भारतीय बनावटीची पहिली कार-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या सहकार्यातून उभी राहिली, तिचं काम इथे झालं. प्रोटॉन उपचारांचं केंद्र इथे आहे. डोंगराच्या पायथ्याशी जगाच्या तोडीचं विज्ञान आहे आणि तिथून रिक्षाच्या अंतरावर माझ्या काउंटरवर माणूस विचारतो, हायपेक स्वस्तात मिळेल का. मधल्या रस्त्यावर पाटी नाही. ती पाटी लावणं हे रुग्णालयाचं काम नाही, सरकारचं आहे.

म्हणून पहिली मागणी त्या पाटीची. मोठ्या आतड्याचा कॅन्सर पोटात पसरल्याचं निदान राज्यात कुठेही, सरकारी वा खासगी, झालं की त्या रुग्णाची फाईल दोन आठवड्यांत सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांच्या एकत्र बैठकीसमोर जावी. त्यासाठी रुग्णाने प्रवास करायलाच हवा असं नाही. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज तीनशेहून अधिक संस्था आहेत आणि दूरस्थ बैठकीत रुग्णाची चर्चा करण्याची पद्धत तिथे रुजलेली आहे. अलिबागचं जिल्हा रुग्णालय, पनवेलचं नानासाहेब धर्माधिकारी उपजिल्हा रुग्णालय यांना त्या बैठकीत ठरलेल्या वारी ठरलेली खुर्ची हवी. बैठकीचा निर्णय कागदावर, मराठीत, कारणासह रुग्णाच्या हातात पडावा: शस्त्रक्रिया होईल की नाही, का, आणि नसेल तर पुढे काय.

दुसरी मागणी पैशांची. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं मूळ रूप, राजीव गांधी जीवनदायी योजना, २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झालं त्यांत रायगड होता. त्यामुळे योजनेचं कार्ड म्हणजे काय हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही. आता विमाछत्र कुटुंबामागे पाच लाखांचं झालं आहे, त्याचं स्वागतच. पण दहा तासांची शस्त्रक्रिया, आठवडाभराचा आयसीयू, रक्त आणि शिरेतून दिलेलं पोषण ही एकच गोष्ट आहे. तिचे तुकडे करून सर्वांत स्वस्त तुकड्याचा दर बांधला, तर चांगलं रुग्णालय ही शस्त्रक्रिया योजनेतून करायला कचरेल. सरकारी पैसा आधी कुदळीवर घालावा. गरम केमोसाठी प्रत्येक रुग्णाला नळ्यांचा नवा, महागडा संच लागतो. तो खर्च बैठकीने लेखी शिफारस केली तरच, किंवा नोंदणी झालेल्या चाचणीत, व्हावा. जिल्ह्याजिल्ह्यात हायपेकची यंत्रं घेऊन फीत कापण्याचा मोह कुणाला झाला तर कृपया आवरावा. यंत्र महिन्याभरात येतं, हात तयार व्हायला दहा वर्षं लागतात.

याच मागणीत एक बारीक गोष्ट. अनेकांना शस्त्रक्रियेनंतर काही महिने, काहींना कायमचं, पोटावर शौचाची पिशवी लावावी लागते. रुग्ण घरी गेला की ती पिशवी माझ्या दुकानातून रोखीने जाते. एकच पिशवी सोलून, धुऊन पुन्हा चिकटवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्या पोटाची सालटी निघालेली असते. शस्त्रक्रियेला लाखो रुपये देणाऱ्या योजनेने पुढची पिशवीही द्यावी.

तिसरी मागणी हिशेबाची. कोणत्या रुग्णालयात वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया झाल्या, किती पोटं पूर्ण साफ करता आली, महिन्याभरात किती रुग्ण दगावले, दोन वर्षांनी किती हयात आहेत, हे लोकांना कळलं पाहिजे. या क्षेत्रातल्या भारतीय सर्जनांनी हायपेकची एक नोंदवही स्वतःच्या खर्चाने चालवली आहे. जे काम डॉक्टरांनी पदरमोड करून आरंभलं ते राज्याने योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक करावं. माझ्या दुकानातल्या झोपेच्या गोळीचाही हिशेब अन्न व औषध प्रशासन मागतं आणि ते योग्यच आहे. दहा तास उघड्या ठेवलेल्या पोटाचा हिशेब मागायला संकोच कशाला?

चौथी मागणी जाहिरातींची. अमुक औषधाने कॅन्सर बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तशी पत्रकं कुणी दुकानात ठेवायला आणली तर मी त्याला हाकलू शकतो. पण तो कायदा औषधं आणि गंडेदोरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला. ‘पोटाच्या कॅन्सरवर गरम केमो, नवी आशा’ असं चकचकीत यंत्राच्या फोटोखाली लिहिलं की कुणाला काही खटकत नाही. रुग्णालयांच्या अशा जाहिरातींसाठी नियम करा. यश सांगायचं तर आकडा सांगा, धोकाही सांगा, आणि ‘प्रत्येक रुग्णाला उपयोगी नाही’ हे वाक्य त्याच आकाराच्या अक्षरांत छापा.

पाचवी मागणी ‘नाही’ ऐकलेल्यांसाठी. बैठकीने शस्त्रक्रियेला नकार दिला की त्याच दिवशी पुढचं दार उघडावं: पोटातलं पाणी काढण्याची सोय, उलट्यांवर उपाय, वेदनेवर मॉर्फिन. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापरासाठी मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं अशी व्यवस्था झाली. ती सोय तालुक्यापर्यंत उतरवा. माणूस खोटा होकार विकत घेतो तो बहुतेक वेळा नकारानंतर समोर रस्ताच दिसत नाही म्हणून.

आणि या सगळ्याच्या अलीकडे, माझ्या मलमाच्या ट्यूबजवळ, एक मागणी. शौचावाटे रक्त गेलं तर ते मूळव्याधच असेल असं आम्ही सगळे गृहीत धरतो: रुग्ण, शेजारी, दुकानदार, कधी डॉक्टरही. बऱ्याचदा ते मूळव्याधच असतं, म्हणूनच फसगत होते. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कोलोनोस्कोपीचा ठरलेला वार असावा आणि तो बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलेला असावा. आम्हा औषधविक्रेत्यांना आदेश काढा, की मूळव्याधीचं औषध दुसऱ्यांदा मागायला आलेल्या माणसाला एक छापील चिठ्ठी द्यायची: ‘चाळिशी ओलांडली असेल, रक्त थांबत नसेल, वजन उतरत असेल, शौचाची सवय बदलली असेल तर तपासून घ्या.’ पोटात पेरणी होण्याआधी गाठ सापडली तर कुदळही छोटी पुरते. छपाईचा खर्च आम्ही करू.

नेऱ्याच्या त्या गृहस्थांना मी फाईल घेऊन खारघरला जायला सांगितलं. दिवाळीच्या सुमारास ते पुन्हा आले ते पिशव्या घ्यायला. शस्त्रक्रिया झाली होती, पोट साफ करता आलं होतं. यंत्र लावलं होतं का, असं मी विचारलं. त्यांना ते नक्की सांगता आलं नाही. बायको आता भाकरी स्वतः थापते, हे मात्र त्यांनी दोनदा सांगितलं. जमीन विकली का, हे मी विचारलं नाही. पिशव्यांचे पैसे मोजून देताना त्यांनीच सांगितलं, की पुढच्या वर्षी राब त्याच तुकड्यात भाजणार आहेत.

त्यांचं नशीब, की पावसामुळे त्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती आणि मला बोलायला वेळ होता. कुणाच्या बायकोचा उपचार औषधवाल्याच्या मोकळ्या वेळावर ठरू नये. पुढच्या वेळी कुणी तो कागद माझ्या काचेवर पसरला तर मला त्याला एक पत्ता, एक वार आणि एक खोली क्रमांक सांगता यावा. माझं मागणं तेवढंच आहे.

कळावे,
आपला,
एक औषधविक्रेता
पनवेल, जिल्हा रायगड